शंभरची पाटी, पासष्टचा हिशेब

नागपूरच्या माणसाला सरळ रस्त्याची सवय असते. वर्धा रोड घ्या, अमरावती रोड घ्या, नाहीतर आता समृद्धी घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि आमच्याकडे अंतर मोजायची पद्धतच बदलली. पूर्वी लोक म्हणायचे, ‘अमुक गाव लांब आहे’. आता म्हणतात, ‘चार तास धरा.’ १२० च्या मर्यादेत, दुभाजक असलेल्या रस्त्यावर, समोरून कोणी येणार नाही या खात्रीनं चालवायची सवय हाताला आणि डोळ्याला लागते. ही सवय घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याची गाडी चालवायला गेलं, तर नकाशावरचे किलोमीटर पाहून आखलेला सगळा बेत पहिल्याच घाटात कोसळतो.

तरीही मी म्हणेन, परदेशात पहिल्यांदा गाडी भाड्यानं घ्यायची असेल तर सुरुवात इथूनच करावी. एक तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान, थायलंड, मलेशिया, दक्षिण आफ्रिका, मॉरिशस या सगळ्या देशांत ही सोय आहे. पण न्यूझीलंडमध्ये रस्ता रिकामा असतो आणि पाट्या इंग्रजीत. दुसरं, टूर कंपनीच्या बसनं हे बेट बघणं म्हणजे फोटो काढायला दहा मिनिटं आणि प्रसाधनगृहाला पंधरा. ज्याला मध्येच कुठेतरी तासभर नुसतं थांबायचं आहे, त्यानं गाडीच घ्यावी. मात्र पैसे वाचतील म्हणून घेऊ नये. चौघे असाल तर हिशेब कसाबसा जुळतो, दोघेच असाल तर नाही.

कागदपत्रांचं काम नागपुरातच उरकतं. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट आपलं आरटीओच देतं; तुमचं लायसन्स एमएच ३१ चं असो, ४० चं की ४९ चं, अर्ज परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर करायचा. पासपोर्ट, व्हिसा, लायसन्स आणि एक हजार रुपये शुल्क. परमिट एक वर्ष चालतं. ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलं जातं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं त्याचा देशभर एकच नमुना ठरवून दिला, नाहीतर पूर्वी राज्याराज्यांत त्याचं रूप वेगळं असायचं. जपानमध्ये या परमिटाशिवाय गाडीला हात लावता येत नाही. चीनमध्ये परमिट असूनही उपयोग नाही, कारण तो देश ते मानतच नाही. न्यूझीलंडचं त्या मानानं सोपं आहे. परक्या देशाचं लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटकाला त्यावर गाडी चालवता येते, आणि महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड इंग्रजीतच असतं. तरी परमिट जवळ ठेवावं. भाड्याच्या काउंटरवरची मुलगी नवी असेल तर आपलं लायसन्स उलटंपालटं करून बघत बसते. परमिट दिसलं की काम पुढे सरकतं. एक लक्षात ठेवायचं, परमिट म्हणजे लायसन्सचं भाषांतर. मूळ कार्ड घरी ठेवून परमिट दाखवणं किंवा मोबाइलमधलं डिजिलॉकर उघडून दाखवणं, दोन्ही व्यर्थ.

नागपूरकरांची सुट्टी म्हणजे मे महिना. इथलं ऊन चुकवायला जो तो पळतो. पण मे महिन्यात न्यूझीलंडमध्ये हिवाळा तोंडावर आलेला असतो, घाटात बर्फ पडतं आणि चाकांना साखळ्या बांधायची वेळ येऊ शकते. ज्यानं आयुष्यात कधी बर्फावर गाडी चालवली नाही त्यानं सुट्टीच्या पैशात ते शिकू नये. आम्ही दिवाळी उरकून निघालो. नोव्हेंबरात तिकडे वसंत संपत आलेला असतो, दिवस लांब आणि रात्री नऊपर्यंत उजेड. नागपूरहून मुंबई, तिथून सिंगापूर आणि सिंगापूरहून क्राइस्टचर्च.

विमानतळावर पहिली गाठ पडते ती जैवसुरक्षा खात्याशी. बाहेरून येणारा किडा, बी, मध, मांस, दुधाचे पदार्थ यांना हा देश जितका घाबरतो तितका तो कशालाच घाबरत नसावा. जे काही खाण्याचं सोबत आहे ते कागदावर लिहून जाहीर करायचं. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. आमच्या बॅगेत चिवडा, पापड, आणि सावजी मसाल्याचं पाकीट होतं. हिनं यादी करून प्रत्येक जिन्नस लिहिला. अधिकाऱ्यानं मसाल्याचं पाकीट हातात घेऊन विचारलं, यात बिया अख्ख्या आहेत की दळलेल्या? दळलेल्या म्हटल्यावर वास घेतला, जोरात शिंकला आणि पाकीट परत दिलं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, दंड करत नाहीत. बुटांच्या तळव्याला माती असेल तर तेही विचारतात, म्हणून बूट नागपुरातच घासून न्यावेत.

त्या दिवशी गाडी ताब्यात घेतली नाही, आणि हा सल्ला मी सगळ्यांना देतो. उन्हाळी वेळेत न्यूझीलंड आपल्या साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्या शरीरात पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, तेही विमानात अर्धवट झोप झालेल्या शरीरात. एक रात्र क्राइस्टचर्चला झोपून दुसऱ्या दिवशी किल्ली घेतली तर भाड्याचा एक दिवसही वाचतो.

काउंटरवर खरी परीक्षा असते ती विम्याची. आपल्याकडे तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानं सक्तीचा आहे. न्यूझीलंडमध्ये तो सक्तीचा नाही, हे ऐकून आमचा मेहुणा, जो स्वतः विम्याच्या धंद्यात आहे, काउंटरवरच हसू लागला. कारण असं की १९७४ पासून तिथे अपघातातल्या शारीरिक इजेचा खर्च एक सरकारी महामंडळ उचलतं, चूक कोणाची हे न बघता. आणि पर्यटकालाही ते लागू आहे. त्यामुळे जखमी माणसानं तुमच्यावर नुकसानभरपाईचा दावा ठोकला, असा प्रकार सहसा होत नाही. गाड्यांचं नुकसान मात्र त्यात येत नाही. भाड्याच्या गाडीला मूळ विमा असतो, पण पहिले काही हजार डॉलर तुमच्या खिशातून जातात. ती रक्कम कमी करायची तर रोज जास्तीचे पैसे द्यायचे, नाहीतर क्रेडिट कार्डावर मोठी अनामत अडकवून ठेवायची. डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. मी जास्तीचा विमा घेतला. घेताना जीव जळतो, पण तिकडच्या रस्त्यांवर डांबरावर बारीक खडी टाकून ती गाड्यांच्या चाकांनीच दाबू देतात. समोरून ट्रक गेला की खडा उडून काचेला लागतो आणि कवडीएवढा तडा जातो. विम्याच्या करारात काच आणि टायर आहेत की नाहीत, एवढं तरी वाचून घ्यावं. काही रस्ते करारातून नावानिशी वगळलेले असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता त्यांतला प्रसिद्ध. तिथे भाड्याची गाडी नेली की विमा संपला.

गाडी ऑटोमॅटिक होती, तिकडे भाड्यानं मिळतात त्या बहुतेक तशाच. क्लच मारून मारून तयार झालेला आपला डावा पाय सुरुवातीला अस्वस्थ असतो आणि घाईच्या क्षणी ब्रेकवरच जोरात पडू शकतो. त्याला सरळ मागे दुमडून ठेवावा आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये चार चकरा माराव्यात. चकरा मारण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर सलग चित्रीकरण करावं: चारही कोपरे, रिम, काच, छप्पर, इंधनाचा काटा. गाडीत एक मोठं स्टिकर होतं, बाणासह: डावीकडे राहा. हे आपल्यासाठी नाही. युरोप, अमेरिका आणि चीनमधून येणाऱ्यांसाठी. त्यांच्या चुकांमुळे एके काळी दक्षिण बेटावर इतका संताप होता की स्थानिक लोक पर्यटकांच्या गाड्या अडवून किल्ल्या काढून घेत. २०१४ पासून सरकारनं पाहुण्या चालकांसाठी खास मोहीम सुरू केली आणि रस्त्यांवर डावीकडचे बाण रंगवले. फोटो काढायला जिथे जिथे लोक थांबतात, तिथून बाहेर पडताना हे बाण हटकून दिसतात.

आता त्या शंभरच्या पाटीबद्दल. गावाबाहेर मर्यादा साधारण शंभराची असते, म्हणजे समृद्धीपेक्षा वीसच कमी. क्राइस्टचर्चहून तेकापोला निघालो, अंतर सुमारे २२५ किलोमीटर. पहिले तासभर कँटरबरीचं मैदान, सपाट, विदर्भासारखंच. मग डोंगर आले, रस्ता दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, एक वळण संपेस्तोवर दुसरं. मागच्या सीटवरून मेहुणा म्हणाला, ‘भाऊजी, शंभर लिहून राहिलं ना, मग साठनं काऊन चालवून राहिले तुम्ही?’ त्याला उत्तर मी नाही, पुढच्या पाटीनं दिलं. वळणाच्या अलीकडे पिवळ्या पाटीवर ४५ लिहिलेलं होतं. हे सल्ल्याचे आकडे नेहमी पाचवर संपतात: २५, ३५, ४५, ६५. कायद्यानं बंधन नाही, पण त्या आकड्यापेक्षा फार जास्त वेगानं वळण घेतलं की गाडीतलं सगळं सामान एका बाजूला जातं आणि माणसंही. अशा रस्त्यावर तासाला पासष्ट ते सत्तर किलोमीटरचा हिशेब धरावा, आणि दिवसाला अडीचशेच्या वर बेत आखू नये. नागपूरहून संभाजीनगरला जेवायच्या वेळेला पोचणाऱ्याला हे पटायला दोन दिवस लागतात.

मागे गाड्या साचल्या की डावीकडे घेऊन त्यांना जाऊ देणं हा तिथला शिष्टाचार आहे आणि नियमही. ठिकठिकाणी त्यासाठी रस्ता रुंद केलेला असतो. आपण बाजूला घेतलं की पुढे जाणारा हलकेच हात दाखवतो. हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाही. मध्यरेषा आपल्या बाजूनं अखंड पिवळी असेल तर ओलांडायची नाही. शाळेची बस मुलं उतरवायला थांबली असेल तर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी २० च्या वेगानं जायचं. स्टॉपच्या पाटीपाशी चाक पूर्ण थांबलं पाहिजे, मग चार दिशांना चिटपाखरू नसलं तरी. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या पुस्तकातही आहे. शंकरनगर चौकात ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय.

पण नागपूरच्या चालकाची कसोटी लागते ती एकपदरी पुलावर. या बेटावर मुख्य महामार्गावरसुद्धा असे पूल आहेत, पश्चिम किनाऱ्यावर तर रांगेनं. रस्ता दुपदरी येतो, नदी आली की एकाच गाडीपुरता पूल, पलीकडे पुन्हा दुपदरी. पुलाअलीकडे पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा आणि एक लहान लाल. लहान लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर तुम्ही थांबायचं, समोरचा आधी. मोठा बाण तुमचा असेल तर तुम्ही आधी, पण समोरचा खरंच थांबला आहे ना हे बघून. बस, एवढाच नियम. ना सिग्नल, ना पोलीस. ‘अवो, पाटी वाचा ना, बाण पहा!’ असं ही प्रत्येक पुलाला ओरडायची. पहिल्या पुलांवर मी आणि समोरचा, दोघंही थांबायचो. दुसऱ्या दिवसापासून बाण आपोआप दिसू लागला. आपल्याकडे अरुंद पुलावर ज्याचा दिवा आधी चमकला त्याचा पूल. तिथे पुलाचा मालक आधीच ठरलेला आहे आणि दोन्ही बाजूंना ठाऊक आहे, म्हणून कोणी वेग वाढवत नाही. मला तर त्या देशात सगळ्यांत बघण्यासारखी हीच गोष्ट वाटली. हिमनद्या त्यानंतर.

पश्चिम किनाऱ्यावरच तारामाकाऊ नदीवर २०१८ पर्यंत मोटारी आणि आगगाडी एकाच एकपदरी पुलावरून जात, रुळांवरून चाकं घेऊन. आता मोटारींसाठी वेगळा पूल झाला आहे. फ्रान्झ जोसेफ गावाबाहेरचा वायहो नदीवरचा पूल मार्च २०१९ च्या पुरात वाहून गेला, आणि पश्चिम किनाऱ्याचा एकमेव रस्ता तुटला. लोखंडी तुकडे जोडून नवा पूल अठरा दिवसांत उभा केला. उड्डाणपुलांची कामं वर्षानुवर्षं पाहिलेल्या आम्हा नागपूरकरांनी त्यावरून गाडी जरा हळूच नेली, आदरानं.

रस्त्यावर जे दिसतं त्याबद्दल थोडं. तेकापोचं पाणी फिरोजी दिसतं, कारण हिमनद्यांनी दळलेली खडकाची पूड त्यात तरंगत असते. काठावर १९३५ सालचं दगडी चर्च आणि नोव्हेंबरात जांभळ्या-गुलाबी ल्युपिनचे ताटवे; फोटोत ते इतके गोड दिसतात की ही बाहेरून आलेली आणि नदीपात्रं गिळणारी तणं आहेत हे सांगून पटत नाही. पुढे पुकाकी तलावाच्या काठाकाठानं रस्ता ऐन आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी जातो. हे शिखर ३,७२४ मीटर. १९९१ मध्ये माथा कोसळला आणि २०१३ मध्ये नव्यानं मोजलं, तेव्हा जुन्या पुस्तकांपेक्षा चाळीस मीटर कमी भरलं. एव्हरेस्टआधी एडमंड हिलरी इथेच चढले-उतरले. हॉटेलबाहेर त्यांचा पुतळा आहे, डोंगराकडे तोंड करून. या वाटेवर जागोजाग थांबायला पट्टे केलेले आहेत. रस्त्यातच गाडी थांबवून फोटो काढणारे मात्र सगळ्यांत जास्त याच भागात दिसतात.

तिथून लिंडिस खिंड, ९७१ मीटर, पिवळ्या गवताचे डोंगर आणि एकही झाड नाही. क्रॉमवेल गावाच्या वेशीवर फळांचा प्रचंड पुतळा उभारलेला आहे. त्यात सफरचंद आहे, नाशपाती आहे, जर्दाळू आहे, संत्रं नाही, हे आमच्या लगेच लक्षात आलं. क्वीन्सटाउनमध्ये पार्किंग महाग आणि दुर्मीळ, तिथे गाडी हॉटेलला ठेवून पायी फिरावं. मिलफर्ड साउंडला स्वतः गाडी नेण्यापेक्षा क्वीन्सटाउनहून बसनं जाणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण जाऊन-येऊन एका दिवसात जवळपास सहाशे किलोमीटर होतात. न्यायचीच तर ते आनाऊला मुक्काम करावा, तिथेच टाकी भरावी आणि सुमारे १२० किलोमीटरचा पुढचा रस्ता सकाळी करावा. वाटेत सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा लागतो, १९५४ मध्ये खुला झालेला, खडक तासून तसाच सोडलेला आणि आत तीव्र उतार. दिवे आधी लावायचे आणि गॉगल आधी काढायचा.

इंधनाचा विषय पश्चिम किनाऱ्यावर गंभीर होतो. वानाकाहून हास्ट, हास्टहून फॉक्स हिमनदी, असे सव्वाशे-दीडशे किलोमीटरचे पट्टे आहेत आणि मध्ये जवळजवळ काही नाही. हा रस्ताच मुळी १९६५ मध्ये पूर्ण झाला. मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवायचा. अर्धी टाकी म्हणजे रिकामी समजायची. पंपावर आपल्या हातानं भरायचं, ‘शून्य बघा साहेब’ म्हणायला कोणी नसतं. डिझेल स्वस्त दिसलं तरी डिझेल गाडी घेण्यात फायदा नाही, कारण तिथे डिझेलवरचा रस्त्याचा कर पंपावर न लावता किलोमीटरमागे वेगळा लावतात आणि भाडं घेणारा तो शेवटी वसूल करतो. टोल मात्र दक्षिण बेटावर कुठेच नाही. देशात टोलचे मोजकेच रस्ते आहेत आणि तेही उत्तर बेटावर.

परतताना होकिटिकाहून आर्थर्स पास ओलांडून क्राइस्टचर्चला आलो. ओटिराच्या दरडीच्या नागमोडी रस्त्याऐवजी १९९९ मध्ये ४४० मीटरचा उंच पूल बांधला आहे. त्याच्या वरच्या अंगाला गाडी थांबवली की किआ येतात. किआ म्हणजे डोंगरात राहणारा हिरवा, घारीएवढा पोपट, आणि त्याला गाडीचं रबर आवडतं. आमच्या शेजारच्या गाडीच्या टपावर एक बसला, दुसऱ्यानं वायपरची पट्टी चोचीत धरून ओढून पाहिली, तिसरा दाराच्या कडेचं रबर सोलायला बसला. मालक टाळ्या वाजवून हाकलत होता आणि ते दोन पावलं सरकून पुन्हा येत होते. मेहुण्यानं विचारलं, हे विम्यात बसते का? मी करार काढून वाचला. पोपटाचा उल्लेख नव्हता. खायला काही दिलं तर ते जास्तच धीट होतात, आणि ते खाणं त्यांना बाधतं, म्हणून काच वर करून निघावं.

गाडी परत करताना टाकी पूर्ण भरलेली हवी, नाहीतर ते आपल्या दरानं भरतात आणि वर हाताळणीचे पैसे लावतात. विमानतळाजवळच्या पंपावर भरावी आणि परत देतानाही पुन्हा चारही बाजूंनी चित्रीकरण करावं. अनामत कार्डावर परत यायला बरेच दिवस लागतात, आणि वेगाचा किंवा पार्किंगचा दंड असेल तर तो महिन्याभरानंही घरी कळतो, कंपनीच्या कारकुनी शुल्कासकट. त्यामुळे पंपाची पावती, परतीची नोंद आणि दोन्ही चित्रफिती, अनामत खात्यात दिसेपर्यंत पुसू नयेत.